ऐकावयास तरी येऊ द्या!

ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून पुण्याच्या आसपास जी नवी संकुले उभी राहिली आहेत, त्यांच्या जाहिराती मी मोठ्या आवडीने वाचतो. मी राहतो सोनाळ्याला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तेथले घर विकत घेण्याचा माझा विचार नाही आणि ऐपत तर मुळीच नाही. पण जाहिरात वाचावयास पैसे पडत नाहीत. पांढऱ्या केसांचे एक जोडपे हसत उभे असते. न्हाणीघरात धरावयास दांडी, न घसरणारी फरशी, घंटी दाबताच धावून येणारी परिचारिका, सकाळी योगासने आणि संध्याकाळी भावगीते. म्हातारपणी माणसाला काय काय लागते याचा इतका बारीक विचार आमच्या बापजाद्यांनीही केला नसेल. मला मात्र त्या यादीत एक गोष्ट कधी आढळली नाही. त्या परिचारिकेला रात्री किती वाजेपर्यंत ठेवावयाचे, जेवणाचा दर किती वाढवावयाचा, हे ज्या खोलीत ठरते त्या खोलीत बसावयास त्या हसणाऱ्या जोडप्याला एक खुर्ची मिळेल, असे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

माझे भांडण त्या खुर्चीसाठी आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये हे मलाही कळते. पण अनारसे आणि करंज्या झाल्यावर थोडा तिखट चिवडा चालतो. आणि शिवाय दिवाळीलाच मुले घरी येतात. मला जे सांगावयाचे आहे ते निम्मे म्हाताऱ्यांना आहे आणि निम्मे त्यांच्या मुलांना.

२०२४ साली महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्याला सगळे 'महारेरा' म्हणतात त्याने, अशा निवृत्तांच्या घरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना चांगल्या आहेत. लिफ्ट असावी, उतार असावा, जिन्याला दोन्ही हातांनी धरता येईल असा कठडा असावा, आणि प्रत्येक दरवाजा निदान ९०० मिलिमीटर रुंद असावा, म्हणजे चाकाची खुर्ची अडकणार नाही. दरवाजा किती रुंद असावा हे इतक्या काटेकोरपणे ठरले याचा मला आनंदच आहे. पण कार्यालयाचा दरवाजा नऊशे मिलिमीटरचा असून आतून कडी लावलेली असेल, तर त्या रुंदीचा उपयोग काय? कडीविषयी सूचना नाहीत. त्या बांधकामाच्या सूचना आहेत. बांधकाम संपल्यावर माणसे राहावयास येतात, आणि मग कारभार सुरू होतो.

हा कारभार कसा असतो ते मला माझ्या थोरल्या बहिणीमुळे कळले. आक्का ८१ वर्षांची आहे. लग्न होऊन ती तेल्हाऱ्याकडे गेली, यजमान वारल्यावर काही वर्षे सोनाळ्यात आमच्याजवळ राहिली, आणि पुढे तिच्या मुलाने ज्येष्ठांसाठी बांधलेल्या अशाच एका संकुलात तिला घर घेऊन दिले. मुलगा परदेशी असतो. मुलगा चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. नाही तर वाचक लगेच त्याला खलनायक करतील. घरही चांगले आहे. आक्काला दम्याचा त्रास, आणि तो नेमका मध्यरात्रीनंतर जोर करतो. रात्रपाळीची परिचारिका आहे म्हणूनच ते घर पसंत केले होते. एके दिवशी सूचनाफलकावर चार ओळींचा कागद लागला: खर्च परवडत नसल्यामुळे पुढील महिन्यापासून रात्री दहानंतर परिचारिका असणार नाही. सही, सचिव.

आक्का कागदावर रागावली नाही. खर्च परवडत नसेल तर नसेल, ती म्हणाली. पण किती खर्च, आणि किती जणांना रात्री गरज लागते, हे कोणी मोजले का? पुढच्या मासिक सभेत आपण जाऊन बसावे आणि ऐकावे असे तिने ठरवले. दारात सचिवांनी अडवले. गृहस्थ सभ्य होते. "आजी, ही समितीची सभा आहे. आणि तुम्ही तर मेंबरच नाही, घर तुमच्या चिरंजीवांच्या नावावर आहे." आक्का चाळीस वर्षे शहरात राहिली तरी रागावली की वऱ्हाडीत बोलते, आणि ती तर दोनच वर्षांपूर्वी तिकडे गेलेली. ती म्हणाली, "मी बोलाले नाही आली बापू, आयकाले आली. अन् रात्री दम लागते तो मले लागते, माह्या पोराले नाही लागत."

यावर सचिवांपाशी उत्तर नव्हते, पण दार होते. ते त्यांनी लावून घेतले.

ते कोणते संकुल हे मी सांगणार नाही. सांगितल्याने त्या एका समितीची बदनामी होईल आणि बाकीच्या शंभर समित्यांना वाटेल की हे आपल्याविषयी नाही. शिवाय त्या सचिवांनी कायदा मोडला असे मला म्हणताच येत नाही. कायदा त्यांच्याच बाजूचा आहे, आणि खरी मेख तेथे आहे.

अशी पुष्कळ संकुले सहकारी गृहनिर्माण संस्था असतात, आणि त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. (काही १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतात; त्यांच्या तऱ्हा वेगळ्या, पण दार तेच.) या अधिनियमाने सभासदाला दिलेले हक्क कमी नाहीत. वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. तिला प्रत्येक सभासद जाऊ शकतो. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद पाहता येतो, सभासदांची नोंदवही पाहता येते, सर्वसाधारण सभांचीच नव्हे तर समितीच्या सभांचीही इतिवृत्ते पाहता येतात, तीही फुकट. पण महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्या समितीच्या सभेत जाऊन बसण्याचा हक्क? तो आदर्श उपविधींत कोठे लिहिलेला नाही. आणि माहितीच्या अधिकाराचे शस्त्र येथे सहसा चालत नाही. सहकारी संस्था ही सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, इतिवृत्त वाचावयास मिळते ना, मग हट्ट कशाला? इतिवृत्तात ठराव असतो. "रात्रपाळीची परिचारिका बंद करण्याचा ठराव सर्वानुमते संमत." तो सर्वानुमते होण्याआधी कोण काय बोलले, कोणी विरोध केला आणि मग चहा आल्यावर तो कसा विरघळला, स्वस्तातला दुसरा मार्ग कोणी सुचवला आणि तो का बाजूला पडला, यांतले काही इतिवृत्तात उतरत नाही. मी स्वतः शाळेच्या सभांची इतिवृत्ते पंचवीस वर्षे लिहिली आहेत, तेव्हा या कलेविषयी अधिकाराने बोलतो.

आणि हे सारे झाले सभासदाचे. आक्का सभासद नाही. ती तेथे झोपते, जेवते, आजारी पडते, आणि दर महिन्याचे पैसे तिच्या हाताने जातात. पण भागपत्रावर नाव मुलाचे. मुलगा जेथे आहे तेथे आपली मध्यरात्र म्हणजे भर दुपार. ज्याला कधी तेथे राहावयाचे नाही तो सभासद, आणि ज्याला मरेपर्यंत तेथून हलावयाचे नाही तो केवळ रहिवासी! इतर सोसायट्यांत ही विसंगती अपवादाने आढळते. म्हाताऱ्यांच्या संकुलांत घर बहुधा मुलांनी घेतलेले असते, त्यामुळे तेथे ती घरोघरी आहे.

आता माझ्या सोनाळ्याची गोष्ट ऐका. आमच्या गावात लिफ्ट नाही आणि भावगीतेही नाहीत, पण सोनाळा हेही एक ज्येष्ठांचे संकुल होत चालले आहे. त्याची कोणी जाहिरात केली नाही इतकेच. आमच्या आळीत संध्याकाळी ओट्यांवर बसलेली माणसे पाहा. सगळी माझ्या वयाची. पोरे पुण्याला, नाशिकला, सुरतेला. कित्येक घरांत सातबाऱ्यावर पोराचे नाव, आणि कुलपाची किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेला. तरीही येथे कोणी मला किंवा माझ्या शेजारणीला असे म्हणू शकत नाही की घर तुमच्या नावावर नाही, तुम्ही ग्रामसभेला येऊ नका.

कारण १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम घर कोणाचे हे विचारत नाही. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली, हीच व्याख्या थेट राज्यघटनेत नेऊन बसवली. भाड्याच्या खोलीत राहणारा, सालदारकी करणारा, सुनेच्या घरात राहणारी विधवा सासू, सगळे एका सतरंजीवर. वर्षाला निदान चार सभा; सात दिवस आधी नोटीस आणि दवंडी; सभा बोलावण्यात कसूर केली तर सरपंचाचे पद जाऊ शकते. २००३ पासून तर दर ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. आक्का आमच्याजवळ होती तेव्हा ती त्या महिला ग्रामसभेला जात असे आणि नळाच्या पाण्याविषयी तोंड वाजवून येत असे. आमच्या तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यातला. पाणी हा येथे बोलावयाचा विषय आहेच. ज्या बाईला वान नदीच्या पाण्यावर बोलावयास गावाने मज्जाव केला नाही, तिला स्वतःच्या दम्याविषयी इतर लोक काय बोलतात ते ऐकावयास शहराने मज्जाव केला.

मी खेड्याची आरती ओवाळतो आहे असे समजू नका. ग्रामसभांची दैना सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी तो पुरतो. तोही जमत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग चार टाळक्यांत कारभार उरकतो. कित्येक ठिकाणी नोंदवही घरोघर फिरून सह्या गोळा करते आणि माणूस घरात बसल्या जागी सभेला 'हजर' होतो. २ ऑक्टोबरच्या सभेच्या वेळी निम्मे गाव सोयाबीनच्या सोंगणीत असते. हे सारे खरे. पण दार उघडे असून लोक आत येत नाहीत हा एक रोग, आणि लोक दाराशी उभे असून दार लागलेले आहे हा दुसरा रोग. पहिल्यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावाने उपाय करून दाखवला आहे. तेथे गावाचा निर्णय सगळ्यांना बसवून, सर्वांची संमती होईपर्यंत बोलून घेतात. दुसऱ्या रोगावर उपाय एकच, आणि त्याला एका कडीपलीकडे खर्च नाही.

समित्यांची बाजू मी पुष्कळांकडून ऐकली आहे. ती अगदीच पोकळ नाही. पहिली तक्रार अशी की म्हातारे बोलू लागले की थांबत नाहीत. हे मी म्हातारा असल्यामुळे मान्य करतो. पण आक्का ऐकावयास गेली होती. आणि बोलावयास दिले तरी माणशी तीन मिनिटे असा नियम करता येतो. ज्या पिढीने रेशनच्या रांगेत आयुष्य काढले तिला तीन मिनिटांचा नियम शिकवावा लागत नाही.

दुसरे म्हणणे, आम्ही निवडून आलेले आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा. खासदारही निवडून आलेले असतात, तरी लोकसभेला प्रेक्षकांची गॅलरी आहे. तेथे बसणाऱ्याला बोलता येत नाही, टाळीही वाजवता येत नाही, पण तो बसतो. आणि तो बसला आहे म्हणून खालची माणसे थोडी सावरून बोलतात. तिसरे म्हणणे मला खरोखर पटते: काही गोष्टी चारचौघांत बोलण्यासारख्या नसतात. कोणाचे पैसे थकले आहेत, कोणत्या नोकरावर चोरीचा संशय आहे, न्यायालयात काय पवित्रा घ्यावयाचा. त्यासाठी सभेचा शेवटचा अर्धा तास दार लावून घ्यावे. कोण नाही म्हणते? पण परिचारिकेची पाळी हे गुपित कधीपासून झाले? जेवणात भात किती वेळा, हे संरक्षण खाते आहे काय?

आणि एक युक्तिवाद असा असतो की, आम्ही एक पैसाही न घेता राबतो, वर आमच्या डोक्यावर पाळत कशाला? त्यांच्या राबण्याविषयी मला आदर आहे. सोसायटीचा सचिव होणे म्हणजे फुकटात शिव्या विकत घेणे, हे मी जवळून पाहिले आहे. पण ज्याने शिव्या खाव्यात त्याला तर उघडे दार फायद्याचेच. बंद दारामागे झालेल्या प्रत्येक निर्णयाला बाहेर दहा पाय फुटतात; कंत्राटदार अमक्याचा मेव्हणा आहे, तमक्याने कमिशन घेतले. कागद वाचून जो संशय येतो तो समोर बसून हिशेब ऐकताना येत नाही. आक्काने खर्चाचा आकडा कानांनी ऐकला असता तर कदाचित तीच म्हणाली असती की परवडत नाही खरे, आपण आठ जणी मिळून वर्गणी काढू.

हा रोग आपल्याकडचाच आहे असेही नाही. इंग्लंडात १९०८ साली कायदा होऊन वार्ताहरांना स्थानिक संस्थांच्या सभांत बसण्याचा हक्क मिळाला. कित्येक मंडळांनी त्याला तोड काढली: अडचणीचा विषय आला की साऱ्या सभेचेच 'समिती'त रूपांतर करावयाचे, कारण समितीला तो कायदा लागू नव्हता! माणसे तीच, टेबल तेच, नाव तेवढे बदलले. अखेर १९६० साली नवा कायदा झाला आणि वार्ताहरांबरोबर सामान्य माणसालाही आत जागा मिळाली. हे विधेयक नव्यानेच निवडून आलेल्या एका बाईंनी आणले होते, आणि त्यावरचे भाषण हेच त्यांचे पार्लमेंटातले पहिले भाषण. त्यांचे नाव मार्गारेट थॅचर. पुढे त्यांच्याविषयी कोणाचे मत काय असेल ते असो, हे एक काम त्यांनी चोख केले. मौज अशी की त्याच १९६० सालचे नाव आपला सहकारी संस्था अधिनियमही मिरवतो. तिकडच्यांना त्या साली जी पळवाट बुजवावीशी वाटली, ती आपल्या अधिनियमात आजही शिल्लक आहे.

अमेरिकेत निवृत्तांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत. तेथल्या कॅलिफोर्निया राज्यात अशा वसाहतींच्या संचालक मंडळाला सभासदांसाठी सभा उघडी ठेवावीच लागते. निदान चार दिवस आधी विषयपत्रिका लावावी लागते, सभासदाला बोलावयास वेळ द्यावा लागतो, इतिवृत्त किंवा निदान त्याचा मसुदा तीस दिवसांत दाखवावा लागतो. आणि कोर्टकज्जे, कंत्राटाची घासाघीस, नोकरांचे प्रश्न, सभासदावरची कारवाई अशा मोजक्याच गोष्टी दार लावून बोलता येतात. आपापसांत पत्रापत्री करून निर्णय उरकण्यासही बंदी आहे, तातडीचा प्रसंग सोडून. हे वाचले तेव्हा मला आमच्याकडच्या समित्यांचे व्हॉट्सॲपवरचे गट आठवले. तेथे रात्री अकराला पाच अंगठे उमटतात आणि सकाळी फलकावर कागद लागतो. अर्थात कॅलिफोर्नियाचा तो हक्कही सभासदाचाच आहे; आक्का तेथे असती तरी 'घर मुलाच्या नावावर' हे उत्तर तिला मिळालेच असते.

आक्काचे पुढे काय झाले ते सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यात सभासदाचे आईवडील, नवरा-बायको, भाऊबहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई अशा जवळच्या माणसाला, सभासदाने शिफारस करून लेखी संमती दिली तर, 'सहयोगी सदस्य' करून घेता येते, म्हणजे त्या माणसाला सभासदाच्या वतीने हक्क बजावता येतात. मी भाच्याला पत्र लिहिले. त्याला ही तरतूद ठाऊकच नव्हती. त्याने आठ दिवसांत कागद पाठवला. आक्का सहयोगी सदस्य झाली, आणि वार्षिक सभेत पहिल्या रांगेत जाऊन बसली. तोवर परिचारिका बंद होऊन आठ महिने लोटले होते. तिने प्रश्न विचारला. अध्यक्ष म्हणाले, हा विषय समितीने केव्हाच निकालात काढला आहे. मासिक सभेचे दार तिला आजही बंदच आहे.

म्हणून ज्यांचे आईवडील अशा घरात आहेत त्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. भाऊबीजेला घरी याल तेव्हा मिठाईच्या डब्याबरोबर तो संमतीचा कागद सही करून आणा. आणि तेथेच थांबू नका, कारण तेवढ्याने वर्षातून एक दिवस मिळतो. संस्थेचे उपविधी बदलता येतात: सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांनी ठराव केला आणि निबंधकाने तो नोंदवला की झाले. ठराव लांबलचक नको. समितीच्या मासिक सभेची विषयपत्रिका चार दिवस आधी फलकावर लागावी. संकुलात राहणाऱ्या कोणालाही, घर कोणाच्याही नावावर असो, बसून ऐकता यावे. नावनिशीचे आणि कोर्टाचे विषय शेवटी, दार लावून. यंदाच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होऊन गेल्या, पुढची आता वर्षाने, अशी सबब सांगतील. ती ऐकू नका. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. शंभर घरांच्या संकुलात वीस सह्या. आक्काने आपल्या संकुलात कागद फिरवावयास घेतला आहे; तिच्या मजल्यावरच्या सात घरांच्या मुलांना पत्रे गेली आहेत, आणि त्यांतली चार जण या दिवाळीला येणार आहेत.